हसण्याआधीचा तुकडा

बॉन, ९ मार्च २०२५

प्रिय नीलाआत्या,
सप्रेम जय भीम.

तू म्हणालीस तसं कागदावर लिहितेय. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, तूही तसंच कर. फोनवर आपलं बोलणं होतच नाही. तुझ्याकडे कोणी ना कोणी बीपी मोजून घ्यायला येऊन बसलेलं असतं. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी वर्ध्यातल्या अर्ध्या लोकांची तू अजून ‘सिस्टर’च. आणि इथे माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई दुपारच्या रूहेत्साइटमध्ये, म्हणजे आवाज न करण्याच्या वेळेत, छतावर काठी आपटतात. मी आत्याशी बोलतेय हे त्यांना कसं सांगणार.

माझा पीएचडीचा विषय तुला दर वेळी नव्याने सांगावा लागतो, तर पुन्हा सांगते. जी भाषा कळत नाही त्या भाषेतले माहितीपट संकलक कसे जोडतात? संकलक म्हणजे आपण ज्यांना एडिटर म्हणतो ते. शूटिंग करणारा ढीगभर फिल्म आणून टाकतो. त्यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं, कशामागे काय लावायचं, हे हा माणूस ठरवतो. आणि मला एक अशी बाई सापडली आहे की तिच्यावर अख्खा प्रबंध व्हावा.

लॉरेन हॅस्केल. अमेरिकन. वय चौऱ्याऐंशी. म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला एकटी राहते. चार खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या नुसत्या डब्यांनी भरलेल्या. मी तिला ईमेल केला, तर एका ओळीचं उत्तर आलं: ‘ये, पण दुपारी नको, मी झोपते.’ पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

आता खरी बातमी. तिने संकलित केलेल्या चित्रपटांची नावं चाळत होते. तुर्की, तमिळ, पोर्तुगीज, अशी सगळी. आणि मधेच: ‘हिंगणघाट, १९७९.’ जर्मन टेलिव्हिजनसाठी. जिनिंग प्रेसमागच्या बौद्ध वस्तीवर. आत्या, ती आपलीच वस्ती ना? तू तेव्हा एकोणीस वर्षांची असशील. तुला आठवतं का काही? अप्पाआजोबा असतील का त्यात? मी तर त्यांना फोटोतच पाहिलंय.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. जूनमध्ये ते उज्ज्वलदादाकडे न्युरेम्बर्गला येतील तेव्हा दाखवून चकित करावं म्हणते.

तुझी,
उत्कर्षा


वर्धा, १४ मार्च

चि. उत्कर्षा,
जय भीम.

पत्र पोचलं. अक्षर अजून शाळेतलंच आहे, वेलांट्या खिडकीबाहेर चालल्यासारख्या.

होय, जर्मन लोक आले होते. तीन पुरुष आणि एक दुभाष्या. थंडी संपत आली होती. अप्पा आहेत त्यात. पाहशील तेव्हा पाहशील.

तुझ्या बाबांना चकित वगैरे करू नकोस. ते मुलाकडे नातवाशी खेळायला येताहेत, त्यांना खेळू दे. तुला वाटेल आत्या अडवते आहे, तर तसं समज.

मला त्या बाईंबद्दल सांग. मी आतापर्यंत समजत होते की कॅमेऱ्यासमोर जे होतं तेच पडद्यावर येतं, फार तर कंटाळवाणं तेवढं गाळतात. तू लिहितेस, ‘कशामागे काय लावायचं.’ म्हणजे? ज्या क्रमाने झालं त्या क्रमानेच लावतात ना? विचारून ये.

बाकी ठीक. शेजारची सरला सुनेवर रागावून चार दिवस माझ्याकडे जेवते आहे. सून रोज संध्याकाळी भाजी आणून देते आणि सरलाला ती माझी म्हणून खपते.

आत्या


बॉन, २३ मार्च

प्रिय आत्या,

जाऊन आले. सकाळची आयसीई गाडी, मग म्युनिकहून एस-बान, म्हणजे इथली लोकल. उंटरश्लाइसहाइममध्ये मोठाल्या कंपन्यांची काचेची ऑफिसं, आणि त्यांच्या मागच्या गल्लीत ही बाई. जिना चढून वर गेले तर दारातच म्हणाली, “तू उंच आहेस. उंच माणसं एडिटिंगच्या टेबलाला टिकत नाहीत, पाठ जाते.” मी म्हटलं, मी फक्त लिहिणार आहे. “आह, मग तुझी मान जाईल.” इंग्रजी ओहायोचं आणि दर तिसऱ्या वाक्याला जर्मन ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’.

तिचे वडील ती लहान असतानाच गेले. आई कपडे उसवून बेताचे करून द्यायची. अठराव्या वर्षी लॉरेन बस पकडून लॉस एंजेलिसला गेली आणि एका स्टुडिओत फिल्मवर नंबर घालायच्या कामाला लागली. तिथे बऱ्याच बायका होत्या. साहेब लोकांना वाटायचं, कापायचं, जोडायचं, म्हणजे शिवणकामच की. पांढरे सुती हातमोजे घालून काम करायचं, फिल्मवर बोट उमटू नये म्हणून. कापलेले तुकडे खिळ्यांवर टांगलेले, खाली कापडाची पिशवी. तो प्रत्येक तुकडा जपायचा, कारण दिग्दर्शक उद्या येऊन म्हणेल, कालचं परत आण.

घोड्यांच्या शर्यतीवरचा एक स्वस्तातला सिनेमा तिने पहिल्यांदा एकटीने केला. त्यात दिग्दर्शकाचा सगळ्यात लाडका शॉट काढून टाकला. “त्याला आठवडाभर कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने मला लग्नाचं विचारलं.” ते लग्न नऊ वर्षं टिकलं. त्याच्या तीन गाजलेल्या सिनेमांचं संकलन तिचं, पण पडद्यावर तिचं नाव फक्त शेवटच्या सिनेमाला आलं. घटस्फोटानंतर त्या गावात कोणी काम देईना. तीन महिन्यांच्या कामासाठी म्हणून चौऱ्याहत्तर साली म्युनिकला आली, ती राहिलीच.

का राहिलीस, म्हणून मी एका दुपारीत तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, ब्रेडसाठी. दुसऱ्यांदा म्हणाली, घरभाडं कमी होतं. तिसऱ्यांदा म्हणाली, “मला जर्मन येत नव्हतं. आल्झो, म्हणजे असं बघ, भाषा येत नसली की माणसाचं खोटं ऐकू येत नाही, फक्त डोळे दिसतात. मला ते आवडलं.” त्याचंच तिने पुढे आयुष्य केलं. टेलिव्हिजनवाल्यांकडे कुठलीही अनोळखी भाषा आली की ती फिल्म लॉरेनकडे.

तुझा प्रश्न विचारला. ती हसली. “क्रमाने लावायचं असेल तर संकलक कशाला? पोस्टमन चालेल.” सकाळ संध्याकाळनंतर लावते, म्हणाली. एका बाईने दाराकडे पाहिलं असेल आणि दोन दिवसांनी दुसऱ्या घरात कोणी आत आलं असेल, तर ती दोन्ही जोडते, आणि बघणाऱ्याला वाटतं बाईने त्यालाच पाहिलं.

मला वाटलं तुला गंमत वाटेल.

उत्कर्षा


वर्धा, २८ मार्च

चि. उत्कर्षा,

गंमत वाटली की नाही सांगता येत नाही. पत्र दोनदा वाचलं.

मला एवढं सांग. समज, एक माणूस बोलतो आहे. त्यानंतर लगेच दुसऱ्या माणसाचा चेहरा दिसतो. तर तो दुसरा माणूस त्याच वेळी तिथे होता, आणि त्याच बोलण्यावर त्याचा चेहरा तसा झाला, असं धरायचं की नाही? मालिकांमध्ये सासू काही बोलते आणि सगळ्यांचे चेहरे एकेक करून दाखवतात, त्यावरून मनात आलं. मालिका खोट्या असतात हे मला माहीत आहे. खऱ्या माणसांच्या फिल्ममध्येही तसंच करतात का?

आणि ती बाई स्वतः काय म्हणते ते लिही. पुस्तकातलं नको.

आत्या


बॉन, १२ एप्रिल

प्रिय आत्या,

मालिकांचं कुतूहल नंतर भागवते, आधी हे ऐक. मी फिल्म पाहिली! अर्काइव्हची परवानगी तीन फॉर्म भरल्यावर मिळाली. अंधाऱ्या खोलीत एकटीच बसले होते, आणि समोर आपली वस्ती.

अप्पाआजोबा बोलताना डावा हात मांडीवर असा फिरवतात जसा बाबा फिरवतात. मी रडले, मग रडू थांबवून टिपणं काढली, कारण त्यासाठी स्कॉलरशिप मिळते. ते दगडाची गोष्ट सांगतात. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांनी मेलेलं ढोर ओढायला नकार दिला, म्हणून जुन्या गावच्या पाटलाने त्यांना भर उन्हात ओणवं उभं करून पाठीवर दगड ठेवला. हे मला घरी कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग तू. दोन वेण्या, आणि काय हसतेस, आत्या! सगळा पडदा उजळतो. फिल्ममधला सगळ्यात सुंदर क्षण तो आहे. तिथे कोणी काही विनोद केला होता का?

एक विचित्र गोष्ट. तिथे मागे जो पक्षी गातो, तो मी हिंगणघाटला कधी ऐकलेला नाही. इथे मात्र रोज पहाटे माझ्या खिडकीत ऐकते. अ‍ॅम्झल म्हणतात, काळा असतो, पिवळ्या चोचीचा. विदर्भात असतो का तो?

तुझी,
उत्कर्षा


बॉन, ३० एप्रिल

आत्या, माझं पत्र मिळालं ना? निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. तब्येत बरी आहे का? काल उज्ज्वलदादाला फोनवर फिल्मचं सांगितलं. तो म्हणाला, “बाबांसमोर ते काढू नकोस, आत्याच्या हसण्याचं.” जास्त काही सांगेना, त्याने आईकडून कधीतरी अर्धवट ऐकलंय म्हणे. माझं काही चुकलं का?


वर्धा, ११ मे

चि. उत्कर्षा,

तुझं काही चुकलेलं नाही. मला लिहायला वेळ लागला.

त्या लोकांकडे दिवे नव्हते. अप्पा ओट्यावर सावलीत बसले होते. म्हणून मी कॅमेऱ्याच्या बाजूला पांढरी चादर दोन्ही हातांनी धरून उभी होते, उन्हाचा उजेड त्यांच्या तोंडावर पडावा म्हणून. ही गोष्ट त्यांनी तोवर कोणालाच सांगितलेली नव्हती. ज्या गावात घडलं ते गाव त्यांनी त्याच महिन्यात सोडलं. तुझी आजी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या वेळी. हिंगणघाटला कोणाला काही माहीत नव्हतं. मला वाटतं, फिल्म परदेशात जाणार, इथे कोण बघतंय, म्हणून अप्पा मोकळे झाले. जर्मनांनी त्यांना तीनदा सांगायला लावलं. एकदा यंत्र बिघडलं, एकदा शेजारची पिठाची गिरणी फार वाजत होती.

दगडाच्या पुढेही गोष्ट होती. तिसऱ्या वेळी अप्पांनी ती शेवटपर्यंत सांगितली, आणि शेवटाला मी हसले. तेही हसले. मला अगदी असंच आठवत होतं.

अप्पा एक्याऐंशी साली गेले. चौऱ्याऐंशीत जर्मनीहून कॅसेट आली. विहारात भाड्याचा व्हीसीआर लावला, सगळी वस्ती जमली. दादा नागपूरहून आला होता. दगडाची गोष्ट त्याने तिथे पहिल्यांदा ऐकली, बाप गेल्यावर, टीव्हीवर. आणि बाप म्हणाला, ‘पाठीवर दगड ठेवला,’ की लगेच पुढच्या क्षणी बहीण हसताना दिसली.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, “हसलीस तू?” मी म्हटलं, हो, पण. त्याने ‘पण’च्या पुढचं ऐकलं नाही. सगळे बघत होते.

दादा माझ्याशी भांडला नाही कधी. लग्नात, मयतीत, सगळीकडे येतो. तुला उन्हाळ्यात आणून सोडायचा तेव्हा फाटकातून परत जायचा ना, ते घाईमुळे नव्हतं. त्या दिवसापासून त्याने माझ्या घरी बूड टेकलेलं नाही.

खरं दुखणं वेगळं आहे. ती फिल्म पाहिल्यावर मलाही वाटायला लागलं की मी आधीच हसले असेन. दगडावरच. तीन वेळा ऐकून कंटाळले असेन, एकोणीस वर्षांच्या पोरीचं काय सांगावं. आठवण माणूस आपल्या सोयीने ठेवतो. फिल्म कशाला खोटं बोलेल? दवाखान्यात इतकी वर्षं काम केलं, पेशंट काय सांगतो त्यापेक्षा एक्स-रे काय दाखवतो ते मानायची सवय. मी एक्स-रे मानला.

आता तुझी बाई म्हणते, सकाळ संध्याकाळनंतर लावतात. तिला विचार. मी आधी हसले की नंतर? एवढंच. जे असेल ते सांग, मला जपून लिहू नकोस.

नीलाआत्या


म्युनिक स्टेशन, १९ मे

प्रिय आत्या,

गाडीला उशीर आहे, बाकावर बसून लिहितेय. आधी उत्तर: तू नंतर हसलीस.

आता सगळं क्रमाने. लॉरेनने केक आणून ठेवला होता, रुबार्बचा. मी लॅपटॉपवर तो भाग लावला. तिला फिल्म आठवत नव्हती, तिने अशा शेकडो केल्यात. अप्पांचा चेहरा आला तेव्हा म्हणाली, “हा माणूस चांगला आहे. बघ, हा प्रश्न विचारणाऱ्याशी बोलतच नाही. प्रश्नाचा आवाज उजवीकडून येतोय आणि हा डावीकडे बघतोय. डावीकडे कोण होतं?”

मी म्हटलं, चादर धरून माझी आत्या.

“गेनाऊ. तिला सांगतोय तो.”

मग तू हसलीस. मी थांबवलं आणि तुझा प्रश्न विचारला.

“कॅमेरे किती होते?”

“एकच.”

“मग? एका कॅमेऱ्यात दोघांचे चेहरे एकाच वेळी कसे येतील? कॅमेरा त्याच्याकडून तिच्याकडे वळला असेल, आणि ते वळणं इथे दिसत नाही. म्हणजे मधलं मी काढलं.”

“किती काढलंस? क्षणभराचं की जास्त?”

ते तिला सांगता येईना. हेडफोन लावले, पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग मला एक बाजू दिली. “खाली ऐक. तो बोलतोय तिथे पिठाची गिरणी चालू आहे. ती हसतेय तिथे नाही. गिरणी अशी चिमटीत धरल्यासारखी थांबते का? हळूहळू थांबते. दळणाऱ्याने ती बंद केली, ती थंड झाली, एवढा वेळ मधे गेलाय.”

“पण ते कानाला जाणवत कसं नाही?”

“कारण मी वरून पक्षी घातला. दोन्हीवर सलग. सांधा लपवायला नेहमी घालायचे.” मग ती जरा वरमली. “तो पक्षी बव्हेरियातला आहे. माझ्याच खिडकीत रेकॉर्ड केलेला. तेव्हा वाटलं, कोणाला कळणार आहे.”

आत्या, मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तुझ्या पक्ष्यामुळे दोन माणसं चाळीस वर्षं एकमेकांशी नीट बोललेली नाहीत. मी तिला सगळं सांगितलं.

मग म्हणाली, “मला त्याच्या बोलण्याचा अर्ध्या पानाचा जर्मन सारांश दिला होता. दगडानंतर लिहिलं होतं, ‘म्हातारा माणूस बैल कसा बांधावा याची माहिती देतो.’ मला वाटलं, बैल बांधायची माहिती कोणाला हवी आहे? पण मुलीचं हसणं मला टाकवेना. सगळ्या रिळांत त्याच्याइतकं खरं काही नव्हतं. दगडाच्या पुढे ठेवलं की इथल्या माणसाला कळेल, त्या बापाची मुलगी अशी मोकळी हसू शकते. इथे सगळ्यांनी तसंच वाचलं. एका समीक्षकाने त्या हसण्यावर परिच्छेद लिहिला.”

“आमच्याकडे तसं वाचलं नाही.”

“नाही. मला वाटायचं डोळे दिसले की पुरे.” तिने केकचं ताट बाजूला सरकवलं. “आज ही फिल्म जोडत असते तरी ते हसू ठेवलंच असतं. पण आधी विचारलं असतं, तो काय म्हणाला. तो काय म्हणाला?”

मला माहीत नाही, म्हटलं. आत्या, खरंच, काय म्हणाले होते अप्पा?

आणि बाबा पाच जूनला येताहेत. मी सांगू का त्यांना?

उत्कर्षा


वर्धा, २० मे

चि. उत्कर्षा,

तुझं पत्र आलं तेव्हा सरला समोर होती. तिने विचारलं, कोणाचं काही बरंवाईट झालं का. मी म्हटलं, नाही गं, झालेलं नव्हतं असं कळलं. तिला काही कळलं नाही, तिने चहा टाकला.

दादाला तू काही सांगू नकोस. सांगितलंस तर त्याला वाटेल आत्याने वकील पाठवला. त्याला त्या बाईंकडे घेऊन जा. तिचं काम बघू दे, टेबल, हातमोजे, गिरणी, पक्षी. तो आयुष्यभर कोर्टात पुरावे पाहत आला आहे, त्याला पाहू दे. त्यातून त्याला काय वाटायचं ते वाटेल. काही वाटलं नाही तर तेही मी घेईन. मला जे हवं होतं ते मिळालं आहे.

अप्पा पुढे काय म्हणाले ते तुला आत्ता सांगत नाही. रागावू नकोस. ते दादाच्या वाट्याचं आहे. त्याने विचारलं तर आधी त्याला.

आत्या


न्युरेम्बर्ग, १६ जून

नीला,

उत्कर्षाने कागद आणि पेन पुढे ठेवलं आहे आणि स्वतः बाल्कनीत जाऊन बसली आहे. उज्ज्वलचा विहान माझ्या पायाशी आहे. मी मराठीत बोलतो ते सगळं त्याला कळतं आणि तो जर्मनमध्ये नाही म्हणतो.

परवा त्या बाईंकडे गेलो होतो. मला आधी काही सांगितलं नव्हतं, एका म्हाताऱ्या एडिटरला भेटू म्हणाली. बाईंनी मला टेबलाशी बसवलं. जुन्या फिल्मचा एक तुकडा दिला, कापायला लावला, मग दुसऱ्याला जोडायला लावला. पहिल्यात एक माणूस भाकरी खात होता, दुसऱ्यात एक कुत्रा बसला होता. जोडून चालवलं तर कुत्रा भाकरीकडे बघत होता. बाई म्हणाल्या, कुत्रा ग्रीसचा आहे. मी हसलो. मग त्यांनी ती फिल्म लावली.

मी त्यांची उलटतपासणी घेतली. उत्कर्षा भाषांतर करून दमली. गिरणीचा आवाज मी पाच-सहा वेळा ऐकला. तुला माहीत आहे मी सहजासहजी मानत नाही. त्यांनी कुठेही बचाव केला नाही. माझ्याकडून चूक झाली, एवढं जर्मनमध्ये म्हणाल्या, बहुतेक इंग्रजीत म्हणवेना म्हणून.

मग मी त्यांना अप्पांचा चेहरा थांबवायला सांगितला. ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. हे चौऱ्याऐंशीत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते तुझ्याकडे बघताहेत. ही गोष्ट त्यांनी तुला सांगितली, एकदा नाही तीनदा. मला एकदाही नाही. तेव्हा विहारात मला राग कशाचा आला होता, हे मी आता या वयात नीट सांगू शकत नाही. तुझ्या हसण्याचा आला असं मी समजत होतो.

तू ‘हो, पण’ म्हणाली होतीस. पुढे काय होतं?

दादा


वर्धा, १८ जून

दादा,

हा फोटो तुझ्याच फोनवर पाठवते आहे, उत्कर्षाच्या नाही. तुला वाटलं तर तिला वाचून दाखव. तिने बरीच कळ काढली आहे.

अप्पा ओणवे उभे होते, पाठीवर दगड. ते म्हणाले, दुपारपर्यंत मला फक्त माझे पाय दिसत होते आणि मुंग्या. ढोर तसंच पडलेलं. वस्तीतलं कोणी हात लावेना. माश्या जमल्या, वास सुटला. शेवटी पाटलाने स्वतःच्या दोन मुलांना पाठवलं. त्यांनी नाकाला धोतराचा सोगा बांधला आणि दोर शिंगांना बांधला. ओढलं की दोर सुटायचा आणि दोघं मागच्या मागे आपटायचे. पुन्हा बांधायचे, पुन्हा आपटायचे. अप्पा म्हणाले, मला दिसत नव्हतं, पण धप्पकन आवाज यायचा, त्यावरून मी मोजत होतो.

मग पाटील जवळ आला. त्याचे जोडे अप्पांना दिसले. म्हणाला, “अरे, दोर कुठं बांधतेत, सांग यायले.” अप्पा म्हणाले, “सांगतो ना मालक. पर मान वर व्हत नाही, तं बैल दिसत नाही. कसा सांगू?”

पाटलाने इकडेतिकडे पाहिलं. कोणी पुढे येईना. मुलं तिकडे मातीत बसलेली. तेव्हा त्याने आपल्या हाताने, दादा, स्वतःच्या हाताने अप्पांच्या पाठीवरचा दगड उचलला आणि खाली ठेवला.

हे सांगताना अप्पा ओट्यावर हळूहळू सरळ बसले, तेव्हा झाले होते तसे. गिरणी केव्हाच थांबली होती. जर्मन लोक काही न कळून बघत होते आणि दुभाष्या लिहायचं सोडून अप्पांकडे बघत होता. त्यांनी बैलाकडे पाहिल्यासारखं दूर पाहिलं, बराच वेळ, बारकाईने. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

“म्या म्हणलं, मालक, मी तं इसरलो.”

नीलू